छत्तीस अंशांची फट

रविवारी सकाळी नऊ वाजता बुद्धविहारासमोरच्या अंगणात फरशीचा चौथा ठोकळा बसला नाही.

वाळू समतल केलेली होती. दोरी ताणलेली होती. पहिले तीन ठोकळे एकमेकांना असे भिडले, की मध्ये सुतळीही गेली नसती. चौथा ठेवायला रत्नपाल वाकला, तेव्हा त्याच्यासमोर एक चिंचोळी फट होती. ठोकळा तिच्यात मावत नव्हता, आणि ठोकळा बाजूला ठेवला तर फट तशीच राहत होती. त्याने ठोकळा फिरवून पाहिला, पालथा घालून पाहिला. पाचही बाजू सारख्याच, त्यामुळे फिरवून काही बदलले नाही.

हे सगळे मी गुंजनच्या हातातून पाहिले. गुंजन ही रत्नपालची मुलगी. आणि तो ठोकळा माझ्याच मापाचा होता. म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी.

मित्रांनो, मी लाकडाचा पंचकोन. पाच सारख्या बाजू आणि पाच सारखे कोपरे, एवढीच माझी ओळख. गोंदियाकडे, दवनीवाड्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्र्याची एक पेटी आहे. माझा मुक्काम त्या पेटीत असतो. माझे वय आता बरेच झाले. एक कोपरा थोडा झिजला आहे आणि पोटावर जळाल्याचा गोल डाग आहे. त्या डागाचे नंतर सांगतो.

मला बकाराम सुताराने घडवले. त्या वेळी शाळेत खेमराज गुरुजी होते. त्यांना भूमिती फळ्यावर शिकवून समाधान होत नसे. आकृती मुलांच्या हातात आली पाहिजे, असे ते म्हणत. गावात कोणाच्या तरी घराच्या चौकटी झाल्या आणि बिजा नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचे तुकडे उरले. गुरुजींनी ते मागून आणले. पेन्सिल, दोरा आणि मोठा कंपास घेऊन ते बकारामच्या अंगणात बसले. त्रिकोण झाले, चौकोन झाले, षट्कोन तर ढीगभर झाले. सगळ्यात शेवटी गुरुजींनी मला आखले. मी वीतभर रुंद निघालो. बकारामने मला कापून, तासून, जवसाचे तेल लावून उन्हात ठेवले आणि दुसरा तुकडा हातात घेतला.

गुरुजी म्हणाले, "असू दे. हा एकच पुरे."

"एकच कायले, गुरुजी? बाकीच्यायची तं फौज केली तुमी. याले एक जोडीदार तरी करू द्या."

"जोडीदार करून उपयोग नाही, बकाराम. तो जुळत नाही. खडूनं त्याच्याभोवती रेघ मारली का आपलं काम भागते."

"बापा! बिचाऱ्याले जलमल्या जलमल्याच एकटं पाडता!" बकाराम हसला आणि तो तुकडा त्याने चुलीकडे टाकला.

माझ्याविषयी मी ऐकलेले पहिले बोलणे हे असे होते.

गुरुजी काय म्हणाले ते मला वर्गात कळले. ते मुलांना गोल करून जमिनीवर बसवत आणि पेटी उपडी करत. मग सांगत, "एकाच आकाराच्या तुकड्यांनी जमीन झाका. फट राहता कामा नये. एकावर एक चढता कामा नये." अशा जोडणीला ते फरसबंदी म्हणत. मुले चौकोन लावत, जमीन झाकली जाई. त्रिकोण लावत, जमीन झाकली जाई. षट्कोन लावले की कोणीतरी "मोहोळ! मोहोळ!" म्हणून ओरडे, आणि मधमाशांचे पोळे पाहिलेली मुले आणखी जवळ सरकत.

मग माझी पाळी येई. मी एकच असल्यामुळे गुरुजी मला जमिनीवर ठेवून खडूने भोवती रेघ मारत. मला उचलून त्या रेघेशेजारी ठेवत, पुन्हा रेघ मारत. मग तिसऱ्यांदा. इथे माझे दुःख तुम्हांला सांगतो. मी दुसऱ्या जागी गेलो की पहिल्या जागी मी नसे, तिथे फक्त खडू असे. शेजारी म्हणून मला जे मिळाले ते सगळे रेघेचे होते, आणि तास संपला की ओल्या फडक्याने पुसले जाई.

तीन पंचकोन काढून झाले की गुरुजी विचारत, "आता चौथा?"

"घुसवा ना गुरुजी!"

"तिकून सरकवा!"

मी घुसत नसे. गुरुजी कोनमापक लावत. माझा एक कोपरा एकशे आठ अंशांचा. तीन कोपरे एका बिंदूपाशी आले की तीनशे चोवीस होतात. पूर्ण फेरा तीनशे साठचा. उरले छत्तीस. तेवढ्यात माझा कोपरा मावत नाही आणि तेवढी जागा रिकामीही सोडता येत नाही. मुले वहीत लिहून घेत. मग मी पेटीत. वर्षातून एकदा माझे काम असे, आणि ते काम न जमून दाखवण्याचे असे.

एकदा ही पेटी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेली. तिला बक्षीस मिळाले. फोटो काढताना टेबलावर षट्कोनांचे मोहोळ मांडले होते. मी टेबलाखाली, पेटीतच होतो. तो फोटो अजून कार्यालयाच्या भिंतीवर आहे. त्यात मी नाही, पण पेटीचे झाकण दिसते.

गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेल्यांना पेटी कशाची ते ठाऊक नव्हते. ती वर्गातून कार्यालयात गेली, कार्यालयातून पोषण आहाराच्या खोलीत. तिथे चौकोनांना वाळवी लागली. त्रिकोण पोरांनी आंबे पाडायला नेले, ते परत आले नाहीत. मी रुंद आणि सपाट, म्हणून माझ्यावर भाताचे गरम गंज, म्हणजे मोठी पातेली, ठेवू लागले. पोटावरचा डाग तेव्हाचा. नंतर पाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून माझी नेमणूक झाली. कोपरे मडक्याच्या काठाबाहेर येत, त्यामुळे उचलायला सोयीचा होतो, एवढे कौतुक माझ्या वाट्याला आले. पाण्यावर वाकून मी कित्येक उन्हाळे काढले. कोणी ग्लास घ्यायला आले की प्रकाश आत जाई आणि क्षणभर खाली पाण्यात माझ्यासारखा कोणीतरी दिसे.

अल्का मॅडम गोंदियाहून बदलून आल्या तेव्हा त्यांना तहान लागली होती. मला उचलून त्या बाजूला ठेवणार होत्या, पण तशाच थांबल्या. "अरे, ये तो पंचकोन है," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी खोली पालथी घालून पेटी शोधली. उरलेले तुकडे धुतले, पॉलिश पेपरने घासले. डाग गेला नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे. सुंदर दिसतो."

मॅडमांनी मला दुसरे काम दिले. त्यांच्याजवळ पर्समधला छोटा आरसा होता. माझ्या एका कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत त्यांनी रेघ आखली आणि तिच्यावर आरसा उभा धरला. अर्धा मी आणि अर्धा आरशातला, मिळून पूर्ण पंचकोन झाला. ती रेघ म्हणजे सममितीचा अक्ष. असे माझे पाच अक्ष निघाले. मध्यावर टाचणी ठेवून फिरवले तर एका फेऱ्यात मी पाचदा जसाच्या तसा दिसतो, हेही मुलांनी पाहिले. मी न जुळणारा आहे हे त्या तासाला कोणी काढले नाही. तो माझ्या आयुष्यातला चांगला तास होता.

त्या वर्गात गुंजन होती. सातवीतली, बारीक चणीची, तोंडाने फटकळ. आरसा तिच्या हातात आला तेव्हा तिने तो पाचही रेघांवर धरून पाहिला आणि विचारले, "मॅडम, मंग याचं तोंड कोनतं?"

मॅडम म्हणाल्या, "तूच सांग."

"पाचही तोंडच हायेत. याले पाठ नाईच."

दुपारी पोषण आहाराला भेंडी चिरली जात होती. गुंजनने तिचा एक काप उचलून माझ्यावर आणून ठेवला. त्याला पाच कोपरे होते. "घे," ती म्हणाली, "तुया घरचे पाहुने आले." तिची मैत्रीण आचल पोट धरून हसली. मित्रांनो, थट्टेत का होईना, माझ्या घरच्यांची चौकशी त्याआधी कोणी केली नव्हती.

मग रोवणी लागली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून चिखलात लावण्याच्या त्या दिवसांत आमच्याकडे गाव बांध्यांमध्ये असते. आईबाप पहाटे निघतात. मोठी मुले सोबत जातात, नाहीतर लहान भावंडे सांभाळत घरी थांबतात. वर्ग अर्धा राहतो. गुंजनही घरी होती, तिची आई रोवणीला जात होती.

त्याच दिवसांत मॅडमांनी फरसबंदीचा धडा घेतला. त्रिकोण झाले, चौकोन झाले, मोहोळ झाले. मॅडमांनी मला हातात घेतले आणि खडू शोधला. मग रिकाम्या जागांकडे पाहिले. "याचं नंतर," त्या म्हणाल्या. "सगळे आले की घेऊ." त्यांनी मला पेटीत ठेवले.

सगळे आले तेव्हा चाचणी परीक्षा आली. नंतर मॅडमांना मतदारयादीचे काम लागले. तो धडा पुन्हा निघाला नाही.

आता विहाराकडे येतो. गावाच्या पूर्वेला बुद्धविहार आहे. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, तिथे रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते. आतली जागा लहान, म्हणून बाया अंगणात बसतात. अंगणात चिखल होतो, मग ताडपत्रीवर बसतात, आणि ताडपत्रीखालून पाणी येते. या वर्षी समितीने ठरवले, की आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती होते त्या दिवशी भोजनदानाला लोकांनी कोरड्या अंगणात बसायचे. समितीच्या अध्यक्ष सुशिलाबाई. त्यांनी आणखी एक ठरवले.

"चौकोनी फरशी तं कोनीबी लावते," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगनात पाच बाजूचा ठोकळा पायजे. एका बाजूले एक शील. लेकरू त्याच्यावर खेळन तरी पंचशील मोजन."

सगळ्यांना ते पटले. रत्नपाल तिरोड्याकडे राखेच्या विटांच्या कारखान्यात काम करतो. साचे, राख, दगडाची चुरी, सिमेंट यांत त्याचा हात बसलेला. तो उठून म्हणाला, "ठोकळे मी पाडतो, माय. हे माह्याकडून दान. समाप्तीच्या आंधी अंगन तयार राहीन."

पाच सारख्या बाजू आखायच्या कशा, याचा तो घरी विचार करत बसला, तेव्हा गुंजन म्हणाली, "आखता कायले? शाळेत हाये ना. एकदम बराबर. मी मोजला हाये."

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमांना विचारले. मॅडम यादीचे कागद पिशवीत भरून निघाल्या होत्या.

"कशाला गं?"

"बाबाले साचा करायचा हाये."

"ने. पण कोपरे सांभाळ त्याचे."

अशा रीतीने मी पहिल्यांदा गावात गेलो. रत्नपालने माझ्याभोवती लोखंडी पट्टी वाकवली, कोपरे ठोकून नीट केले आणि दोन साचे जोडले. पहिला ठोकळा निघाला तो दिवस मी विसरणार नाही. राखाडी, ओला, जड, आणि माझ्याच मापाचा. गुंजनने मला उचलून त्याच्यावर ठेवले. कोपऱ्यावर कोपरा, बाजूवर बाजू. दुसरा निघाला तेव्हा रत्नपालने दोघांना शेजारी लावून पाहिले. ते चिकटून बसले.

"बसते!" तो म्हणाला. "एक नंबर."

त्याने दोनच लावून पाहिले. कारखान्यातली सवय तशीच आहे. ठोकळा निघाला की बाजूने बाजू तपासायची, मग उभा रचून ओल्या बारदान्याखाली ठेवायचा. खाली पसरून पाहायचे काम लावणाऱ्याचे. आणि इथे लावणाराही तोच होता.

कारखान्यातून परतला की तो टिनाच्या शेडखाली ठोकळे पाडी. गुंजन सकाळ-सायंकाळ बारदान्यावर पाणी मारी. रांग वाढत गेली. मी शेडमधल्या फळीवरून पाहत असे. इतके सगळे माझ्यासारखे! एकाही रेघेला खडू लागलेला नव्हता. हे पुसले जाणार नव्हते. बकारामने चुलीकडे टाकलेल्या तुकड्याची मला आठवण आली. मी जुळत नाही हे मला ठाऊक होते. खोटे कशाला सांगू? पण लाकडाला तोंड नसते. आणि तोंड असते तरी त्या दिवसांत मी बोललो असतो की नाही, हे मला सांगता येणार नाही.

मग तो रविवार आला. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. राहिले ते बोलणे सांगतो.

"काय गा रत्नपाल," सुशिलाबाई म्हणाल्या, "तीन लावून थांबला काऊन?"

"चौथा बसून नाई राहिला, माय."

"वाळू वर-खाली असन," कोणीतरी म्हणाले.

"साचाच वाकडा असन."

"साचा वाकडा नाई," गुंजन म्हणाली. "मी कोनमापकानं मोजला."

"मंग का अंगन वाकडं हाये, पोरी?"

लोक हसले. रत्नपाल हसला नाही. एकाने छन्नी आणली आणि चौथ्याचा कोपरा छाटू या, असे सुचवले. तेव्हा सुशिलाबाई पुढे आल्या.

"कोनतं शील छाटता, ते सांगा आंधी."

छन्नी खाली ठेवली गेली. शेडखालून आणलेले ठोकळे अंगणाच्या कडेला रचलेले होते, आणि आता त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. रत्नपाल उठला. हात झटकत हँडपंपाकडे गेला. जाताना तो गुंजनच्या अगदी जवळून गेला, पण तिच्याकडे त्याने पाहिले नाही. तिने मला ओढणीखाली घेतले. तिची बोटे माझ्या झिजलेल्या कोपऱ्यावर इतकी घट्ट होती, की मला तासणीची आठवण झाली.

त्या दिवशी घरी बापलेकीत बोलणे झाले नाही. गुंजनने दप्तर उघडून मला वह्यांच्या तळाशी ठेवले आणि म्हणाली, "तुले मालूम होतं."

सोमवारी तिने मला मॅडमांच्या टेबलावर आपटले.

"मॅडम, हा बसत नाई. तीन बसते. चौथा नाई बसत."

मॅडमांनी सगळे ऐकून घेतले. विहाराचे अंगण, शील, साचे. ऐकताना त्यांचा हात माझ्यावर होता. मग त्या म्हणाल्या, "हा धडा राहिला होता. रोवणीत."

"मले काऊन नाई सांगतलं? मी बाबाले सांगतलं असतं ना. आता बाबा बोलून नाई राहिले माह्याशी."

मॅडमांनी खडूचा डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला. "चल व्हरांड्यात. राहिलेला धडा घेऊ."

वर्ग बाहेर आला. गुंजनने मला जमिनीवर ठेवून तीन पंचकोन काढले, गुरुजी काढत तसेच. मधली फट मोजली. छत्तीस. गुरुजींच्या तासाला इथे धडा संपत असे. गुंजन उठली नाही. ती त्या फटीकडेच पाहत राहिली. फटीच्या दोन बाजू माझ्याच बाजू होत्या. तिने पट्टी घेतली, समोरून तेवढ्याच लांबीच्या आणखी दोन रेघा काढल्या आणि फट बंद केली. आत एक लांबट, टोकदार चौकोन तयार झाला. चारही बाजू सारख्या.

"हे तं शंकरपाळं होय वो!" आचल म्हणाली.

"समभुज चौकोन," मॅडम म्हणाल्या, पण हलक्या आवाजात.

गुंजनने वहीचा पुठ्ठा कापून ते शंकरपाळे केले. मग पुढे लावून पाहिले. त्याच्या टोकाशी तीन पंचकोन येत होते, आणि त्याच्या रुंद कोपऱ्याशी दोन. रुंद कोपरा एकशे चव्वेचाळीस अंशांचा. त्यात माझे दोन एकशे आठ मिळवले की तीनशे साठ. फट नाही, एकावर एक चढणे नाही. दोन पंचकोनांमागे एक शंकरपाळे, अशी रांग सरकत सरकत व्हरांड्याच्या भिंतीला जाऊन टेकली. मला इतक्या वेळा ठेवले आणि उचलले, की माझ्या कडा पांढऱ्या झाल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी कोणी उठले नाही.

इतकी वर्षे ती फट माझी उणीव म्हणून दाखवली गेली. तिलाही आकार होता. तो कोणी काढून पाहिला नव्हता, मीही नाही.

गुंजनने पुठ्ठ्याचे शंकरपाळे घरी नेले. मलाही सोबत नेले, या वेळी मॅडमांनीच दिले. रत्नपाल जेवत होता. त्याच्यासमोर जमिनीवर मला ठेवून तिने खडूने दोन पंचकोन काढले, तिसऱ्या जागी मलाच ठेवले आणि मधल्या फटीत पुठ्ठा बसवला. रत्नपालचा घास हातातच राहिला.

"आन याच्या पुढं?"

"पुढंबी तसंच जाते. भितीपावतर काढून पायलं."

तो जेवण अर्धे सोडून शेडकडे गेला.

पण खडूने काढणे वेगळे आणि सिमेंटने पाडणे वेगळे. छत्तीस अंशांचे टोक म्हणजे सुरीचे टोक. पहिल्या खेपेला साचा काढताना सगळ्या शंकरपाळ्यांची टोके साच्यातच राहिली. रत्नपालने राख कमी केली, चुरी चाळून बारीक घेतली, साच्याला आतून तेल लावले. दुसऱ्या खेपेला काही टोके टिकली, काही हाताळताना गेली. जी टिकली त्यांना गुंजन जावयाला पाणी द्यावे तशी सांभाळून पाणी मारत होती. त्यांतलीही दोन उन्हाने चिरली.

सुशिलाबाई शेडपर्यंत येऊन गेल्या. तुटलेली टोके त्यांनी पायाने बाजूला केली. "रत्नपाल, तुया मेहनतीले मी नाव नाई ठेवत," त्या म्हणाल्या. "पन पौर्निमा का थांबनार हाये? भंतेजी येनार. लोकायले चिखलात बसवू काय? या खेपेनं जमलं तं ठीक. नाई तं गोंदियाहून चौकोनी आनतो."

"आन हे पाच बाजूचे, आजी?" गुंजनने विचारले.

"हँडपंपापाशी मांडू. बाया धुनं धुतीन त्याच्यावर."

म्हणजे माझ्यासारखे ते सगळे एकेकटे, पाण्यात, साबणात. मडक्यावर वाकून काढलेले उन्हाळे मला आठवले.

तिसरी खेप काल पाडली. या वेळी रत्नपालने टोकांत तारेचा बारीक तुकडा घातला आहे आणि साचा नेहमीपेक्षा जास्त वेळ बंद ठेवला आहे. आज तो काम करून विहाराकडे आला. गुंजन सोबत होती. अंगणातली वाळू पावसाने बसली होती, ती दोघांनी पुन्हा सारखी केली. दोन ठोकळे लावले. तिसऱ्या जागी, माप चुकू नये म्हणून, गुंजनने मला ठेवले. मध्ये फट मोकळी ठेवली. पुठ्ठा भिजेल म्हणून तो तिने सोबत नेला.

मी अजून तिथेच आहे. माझ्या दोन बाजूंना माझ्याच मापाचे दोघे आहेत. खडूचे नव्हेत. ते गार आहेत आणि काही बोलत नाहीत. तिघांचे कोपरे जिथे मिळतात, तिथून पुढे ती जागा आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्याही शाळेत अशी एखादी पेटी असेल, तिच्यातले तुकडे मोजून ठेवा आणि आंबे पाडायला दगड घ्या. आणि ज्या दिवशी तुमचा वर्ग अर्धा असेल, मग तो रोवणीने असो की कशानेही, त्या दिवशी कोणता धडा नंतर घेऊ म्हणून ठेवला गेला ते परत आल्यावर विचारा. मॅडमांना आठवण करून द्या, त्या रागावणार नाहीत. ठेवलेला धडा आपणहून उठून येत नाही. हे पेटीत राहिलेल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

आतापर्यंतची हकिगत एवढीच. तिसऱ्या खेपेचे साचे शेडखाली, ओल्या बारदान्यात आहेत. मघाशी जाताना रत्नपाल अंगणाच्या कडेला थांबला. रविवारनंतर तो पहिल्यांदाच मुलीकडे पाहून बोलला.

"सकारी तूच उघड," तो म्हणाला. "तुया हात हलका हाये."

गुंजनने मान हलवली. साचे अजून उघडलेले नाहीत.